कुलपामागची सुट्टी

"त्या घराला कुलूप दिसलं म्हणजे माणसं आत आहेत असं समजावं, आणि दार सताड उघडं असलं म्हणजे बाजारात गेली असतील," असं पडदेवाल्या काकूंच्या बिऱ्हाडाविषयी आमच्या इमारतीत म्हटलं जाई. तळमजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई त्यात स्वतःची भर घालत, "लोक पैसे साठवून सुट्टीवर जातात. ही माणसं सुट्टीवर जाऊन पैसे साठवतात." ऐकणारे हसत, आणि काकू सर्वांत मोठ्याने हसत. "तुमचं काय जातंय हो?" त्या जिन्यातूनच ओरडून विचारत. "कुलूप आमचं, दार आमचं. तुम्ही फक्त दूधवाल्याला सांगा, गावाला गेल्यात म्हणून."

दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली शिलाईचं मशीन, भिंतीशी कापडाचे ठाण, आणि मधल्या जागेत पडदा अंथरता येईल एवढी फरशी. त्या फरशीवर काहीही ठेवायचं नाही, असा घरात दंडक होता. काकू कापड दुकानदारांचे आणि आसपासच्या लोकांचे पडदे शिवत. पडद्याचं गिऱ्हाईक हे कपड्याच्या गिऱ्हाइकापेक्षा वाईट, असं त्यांचं मत होतं. सदरा अंगाला बसला नाही तर माणूस मनातल्या मनात स्वतःच्या पोटाला दोष देतो. पडदा खिडकीला बसला नाही तर खिडकीला कोणी दोष देत नाही. त्यामुळे दारावर दिवसभर थाप पडे, आणि ती कधी गोड नसे.

काका चपला-बुटांच्या मोठ्या दुकानात विक्रेते होते. दिवसभर परक्या माणसांच्या पायांशी एक गुडघा टेकून बसायचं, बूट चढवायचा, उतरवायचा, आणि "साहेब, चालून बघा" म्हणायचं. बोलणं कमी, पण एकदा त्यांनी मला सुट्टीची व्याख्या सांगितली होती. सुट्टी म्हणजे आपण खुर्चीवर बसलेलं असणं आणि समोर कोणाचेही पाय नसणं.

आमच्या गावाकडे सुट्टी फक्त शाळेला असे. ती मोठ्या माणसांनाही लागते, हे मला या बिऱ्हाडाच्या डोक्यावरच्या खोलीत राहायला आल्यावर कळलं.

मुलगा लहान होता तेव्हा ही तिघं खरोखर बाहेरगावी जात, पण उलट्या हंगामात. लोक समुद्रावर जात तेव्हा ही घरी. समुद्रावरून लोक परतले, वारा बोचरा झाला, लॉजवाल्याने गाद्या गुंडाळून ठेवल्या, की ही तिघं तिथे हजर. लॉजवाला गडबडून जाई. "आत्ता? आत्ता इथे काय आहे?" काकू म्हणत, "समुद्र आहे ना? का तोही बंद केलात?" समुद्राच्या बाजूची खोली त्यांनी कधी घेतली नाही. "समुद्र काही रात्री खोलीत झोपायला येत नाही. दिवसा आपण त्याच्याकडे जाऊ." एकदा डोंगरावर गेले तेव्हा आठवडाभर धुकं हटलं नाही. परत आल्यावर नर्सबाईंनी मुलाला विचारलं, "काय काय बघितलंस रे?" तो म्हणाला, "ढग बघितले. आतून." असं उत्तर देणारं पोर कोणाला आवडणार नाही?

घरातल्या सुट्टीची सुरुवात झाली ती काकांचं दुकान दुरुस्तीसाठी बंद राहिलं त्या वर्षी. पगार अर्ध्यावर आला, जाणं रद्द झालं, आणि मुलाने तर शाळेत सगळ्यांना सांगून टाकलेलं. तो रडला नाही, नुसता दप्तर आवरत बसला. ते काकूंना बघवेना. त्या म्हणाल्या, "रद्द कोणी केलं? जायचंच आहे. फक्त लॉज जवळचा घेतलाय."

मग त्यांनी मशीनवर चादर टाकली. पलंग आतल्या खोलीतून ओढत बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली आणला. सकाळी बॅग घेऊन तिघंही सगळ्यांच्या देखत जिना उतरली, बागेत भाकरतुकडा खाल्ला, आणि इमारत कामाला गेल्यावर चोरपावलांनी वर आली. लाकडी दाराच्या बाहेर त्यांचं जाळीचं लोखंडी दार होतं. काकांनी जाळीतून हात घालून बाहेरच्या कडीला कुलूप लावलं, आणि आतून लाकडी दार लोटून घेतलं. घर गावाला गेलं.

त्या सुट्टीचे नियम काकूंनी ठरवले. काम करायचं नाही, कामाचं बोलायचं नाही. बोलायचं ते हळू. रोजचं काही रांधायचं नाही. आणि दारावर कोणीही आलं, अगदी कोणीही, तरी उघडायचं नाही, कारण आपण इथे नाही. मुलाला लॉजचा मॅनेजर नेमलं. तो कमरेला टॉवेल गुंडाळून आई-बापासमोर उभा राही. "गरम पाणी सातनंतर मिळणार नाही," असं बजावी. काका हात जोडून म्हणत, "मॅनेजरसाहेब, थोडं बघा की." बाहेर गिऱ्हाईक दार वाजवून चरफडत असे, "परवा देते म्हणाली होती भवानी!" आणि आत मॅनेजर उशीत तोंड खुपसून हसे, इतका की पलंग हले.

पुढे त्याला सगळे मॅनेजरच म्हणू लागले. घरातली सुट्टी ही सवयच झाली, कारण खऱ्या सुट्टीपेक्षा मुलाला तीच आवडे. इमारतीला ही लबाडी अर्थातच माहीत होती. वरच्या मजल्यावर मला त्यांची दबलेली हसणी ऐकू येत. पण आम्ही सर्वांनी ती पाळली. कोणी विचारलं तर सांगायचं, गावाला गेलेत. नव्या भाडेकरूला मात्र खरं काय ते कोणी सांगायचं नाही, ते ज्याचं त्याने शोधून काढायचं, असा एक गमतीचा रिवाज आपोआप पडला होता. शोधून काढलं की तो माणूस इमारतीचा झाला.

मॅनेजर मोठा झाला आणि परदेशात गेला. तिथल्या एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम त्याला लागलं. पाहुणा गेला की चादरी बदलायच्या, उशा थापटायच्या, न्हाणीघर पुसायचं. काकू सांगत, "हॉटेलात आहे," आणि एवढ्यावर थांबत. काका पुढचं सांगत, "पलंग घालतो. उत्तम घालतो." पहिल्या काही वर्षांत त्याचं येणं झालं नाही. आधी करार, मग भाडं, मग पुन्हा करार. तो पैसे पाठवी, आणि प्रत्येक वेळी एकच अट घाली.

"आई, हे घरखर्चाला नाहीत. फिरायला जा. खरंखुरं. कुलूप लावून आत बसायचं नाही."

"जातो रे बाबा."

"शपथ?"

"अरे, परवाच आलो. समुद्रावर होतो. तुझे बाबा तर पाण्यात उतरायला तयार नव्हते, मी ओढून नेलं."

काका समोर बसून हे ऐकत. फोन ठेवल्यावर म्हणत, "मला पाण्यात कशाला ओढलंस? मी इथे बसलो होतो."

"मग काय सांगू? घरात बसतो म्हटलं तर तो कामाची अजून एक पाळी करेल. आणि पैसे काय मी खाल्ले?"

पैसे त्यांनी खाल्ले नव्हते. ते सगळे बँकेत होते, आणि त्यांचं एकच काम ठरलं होतं. पुरेसे जमले की दोघांनी त्याच्याकडे जायचं. तिकिटं हातात येईपर्यंत त्याला सांगायचं नाही, नाहीतर तो तिथून आणखी पाठवील आणि स्वतः उपाशी राहील. पोराला डोळे भरून बघायचं, एवढीच काकूंची परदेशाची कल्पना होती. तिथे डोंगर आहेत की वाळवंट, हे त्यांनी त्याला कधी विचारलंही नाही. आणि तोवर दरवर्षी घराला कुलूप लागत राहिलं. मॅनेजरशिवाय.

त्या वर्षी समोरच्या खोलीत बँकेत नोकरी करणारी एक मुलगी नव्याने राहायला आली होती. काकूंनी तिलाही रीतसर सांगितलं, "समुद्रावर जातोय गं, सोमवारी येऊ." बॅग घेऊन दोघं उतरली, दुपारी परत आली, जाळीतून कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका खुर्चीवर बसून कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून होते. काकू खिडकीखाली पलंगावर आडव्या. तेव्हा दार वाजलं. गिऱ्हाइकाची ती थाप नव्हती. कोणीतरी जाळीतून हात घालून बोटांच्या पेरांनी लाकडी दार वाजवलं, थांबलं, आणि पुन्हा वाजवलं.

काकांनी बादलीतून पाय वर काढले. "ओळखीचं वाटतंय गं कोणीतरी."

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "ओळखीचेच येतात. अनोळखी माणसाला आपलं दार कशाला आठवेल? बसा खाली."

काका बसले. तिसऱ्यांदा वाजलं. मग समोरचं दार उघडल्याचा आवाज आला आणि बँकेतल्या मुलीचा आवाज. ती तापाने घरी होती. "ते नाहीयेत हो. समुद्रावर गेलेत दोघं. सोमवारी येतील." त्यावर एक पुरुषी आवाज काहीतरी म्हणाला, अगदी खाली, शब्द न कळण्याइतका. मुलगी काही बोलली. तो हसला. पुढे बराच वेळ काही नाही, आणि मग जिना उतरत गेलेली पावलं.

हे सगळं मला नंतर काकांकडून कळलं. सोमवारची गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली. मी जिना उतरत होतो, आणि दोघं बॅग घेऊन वर येत होती, प्रवासाहून आल्यासारखी थोडी दमलेली. पहाटे कोणाच्या नकळत बाहेर पडून, सगळ्यांच्या देखत परत यायचं, हाही त्या सुट्टीचा भाग होता. बँकेतली मुलगी त्यांची वाटच बघत होती. तिच्या हातात एक मोठी पिशवी होती.

"काकू, अहो, तुमची इतकी चुकामूक झाली! तुमचा मुलगा आला होता."

काकू हसल्या. गंमत चालली आहे, असं त्यांना वाटलं. "कोणाचा मुलगा?"

"तुमचा. परदेशातला. त्याला दुसऱ्या देशातल्या हॉटेलात पाठवत होते, मध्ये विमान बदलायला एक दिवस मिळाला म्हणून धावत आला. तुम्हाला चकित करायचं होतं त्याला. इथे पायरीवर बसला होता बराच वेळ. मी चहा दिला. संध्याकाळी विमान होतं, गेला."

दोघं आहेत त्या पायरीवरच थांबली. मुलीला वाटलं, ती माणसं हळहळताहेत. त्यांचं मन राखायला तिने घाईघाईने पुढचं सांगितलं. "वाईट नाही वाटलं हो त्याला. उलट इतका खूश झाला! आधी कुलूप बघूनही दार वाजवत होता. मी म्हटलं, समुद्रावर गेलेत, तर म्हणाला, 'खरंच गेले? बरं झालं, गेले एकदाचे.' आणि हे दिलंय तुमच्यासाठी. म्हणाला, आता फिरतात ना, लागेल."

पिशवीत प्रवासात मानेभोवती घालायच्या दोन उशा होत्या, निळ्या, विमानतळावर मिळतात तशा.

काकांनी बॅग खाली ठेवली. ती रिकामी होती, आणि ते तिच्या आवाजावरून सर्वांनाच कळलं. बँकेतल्या मुलीलाही कळलं. तिने बॅगेकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इमारतीचं गुपित तिला असं समजलं. मी मान खाली घातली. आमच्यापैकी कोणीतरी तिला आधी सांगायला हवं होतं, हा विचार त्या जिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात आला असावा, पण उच्चारून उपयोग नव्हता.

त्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"आई! कसा होता समुद्र?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका मान हलवत होते, सांग, खरं सांग, अशी. फोनवर पोराचा आवाज उकळत्या दुधासारखा फुललेला होता. "मला आधी वाटलं, नेहमीप्रमाणे आत लपून बसलाय. म्हणून वाजवलं. मग त्या ताई म्हणाल्या तेव्हा... आई, खरं सांगू? चुकामूक झाली त्याचं वाईट वाटलं, पण मी पायरीवर बसून हसत होतो. म्हटलं, ऐकलं माझं शेवटी. सांग ना, कसा होता?"

"गार होता," काकू म्हणाल्या. "वारा फार होता. माणसं नव्हती. तुझे बाबा वाळूत बसून राहिले नुसते."

"आणि खोली? समुद्राच्या बाजूची घेतलीस का या वेळी?"

"घेतली रे. तू म्हणाला होतास ना."

काका उठून आत गेले. तिथून पुढे अर्धा तास काकू त्या खोलीच्या खिडकीतून काय काय दिसत होतं ते सांगत राहिल्या. नळाला पाणी कसं येत होतं, लॉजवाला कसा म्हातारा झालाय, सगळं. त्याने विचारायचं आणि त्यांनी सांगायचं. माझ्या माहितीत इतकी तपशीलवार सुट्टी दुसऱ्या कोणी घेतली नाही.

दुसऱ्याच दिवशी काकू तिकिटवाल्याकडे गेल्या. पुरेसे जमले नव्हते, पण आता थांबणं शक्य नव्हतं. सर्वांत स्वस्त तिकीट मागितलं. त्याने दिलं, आणि बजावलंही, "हे उलट्या हंगामातलं आहे, मावशी. तारीख बदलणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत. व्हिसाही त्याच दिवसापासून घेतो." काकू म्हणाल्या, "उलटा हंगामच आमचा हंगाम. बदलायचं कशाला?" तारीख थंडीतली मिळाली, तीन-एक महिन्यांनंतरची.

या वेळी त्यांनी त्याला लगेच सांगितलं. मग आमच्या इमारतीत जे दिवस आले, तसे पुन्हा आले नाहीत. फोन रोज. मॅनेजर हुकूम सोडत होता. "बाबांना लोकरीचे मोजे घ्या. तांदूळ आणू नका, इथे मिळतो. आई, बॅग भरून आण, रिकामी आणू नकोस." त्याला काही कळलं होतं का? नाही. ते तो नुसता गमतीने म्हणाला होता, पण काकू फोन हातात धरून तशाच बसून राहिल्या. काकांनी दुकानातून सवलतीत दोन जोड घेतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांत नवा बूट चढवताना, "साहेब, चालून बघा," असं स्वतःलाच म्हणाले. काकू मला म्हणाल्या, "समोर बसवून सांगणार आहे त्याला. फोनवर नाही. आत होतो रे, म्हणणार आहे. तो ओरडेल, रुसेल, जेवणार नाही एक वेळ. मग हसेल. त्याला हसू आवरत नाही."

निघायला महिनाभर असताना तो गेला. कामावरून सायकलने खोलीवर परतत होता, रस्ता ओला होता, वळणावर मागून ट्रक आला. कोणाची चूक असं काही नव्हतं, असं तिथून फोन करणाऱ्या माणसाने सांगितलं, आणि विचारलं, तुम्ही येईपर्यंत थांबायचं का?

काकांनी तिकिटवाल्याकडे धाव घेतली. मीही बरोबर होतो. तारीख बदलणारी नव्हती. नवीन तिकिटाला पैसे उभे करता आले असते, इमारतीने केले असते, पण व्हिसा त्या दिवसाआधी उघडत नव्हता. तो लवकर मिळवायला लागणारे दिवस मोजले, तर तिकडचे लोक तेवढे थांबू शकत नव्हते. तिकिटवाला चांगला माणूस होता. तो जागेवरून उठून उभा राहिला होता आणि सारखा म्हणत होता, "मावशींना मी सांगितलं होतं हो. सांगितलं होतं." काका म्हणाले, "हो, तुम्ही सांगितलं होतं." मग त्यांनी रस्त्यावर उभं राहून फोन लावला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाले, "करा. आमची वाट बघू नका."

मुलाचं सगळं त्या परक्या गावात परक्या हातांनी झालं. आणि तिकिटाच्या तारखेला ही दोघं विमानात बसली. जाऊ नका, असं नर्सबाईंनी सांगून पाहिलं. काकू म्हणाल्या, "त्याची खोली महिनाअखेरपर्यंत आहे. त्याच्या वस्तू कोण आवरणार?"

तिकडची हकिकत काकांनी मला थोडी थोडी सांगितली, वर्षभरात. विमानतळावर मुलाचा सोबती न्यायला आला होता, त्याच हॉटेलात भांडी घासणारा, आपलीच भाषा बोलणारा एक किडकिडीत माणूस. त्याला काय बोलावं हे सुचेना, म्हणून त्याने बॅगा उचलल्या आणि म्हणाला, "आई, बस इथून सुटते. टॅक्सी महाग पडते. तो म्हणाला होता, तुम्हाला टॅक्सीत बसवलं तर तुम्ही भांडाल." काकू म्हणाल्या, "भांडलेच असते."

खोली लहान होती. मुलाने आई-बापासाठी पलंग आधीच घालून ठेवला होता, त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधी. चादर हॉटेलसारखी, कोपरे घट्ट दुमडलेली. सोबत्याने तिला हात लावला नव्हता. दोघं त्या पलंगावर झोपली नाहीत. जमिनीवर अंथरूण घालून झोपली.

दुसऱ्या दिवशी सोबती थोडा चाचरत म्हणाला, "त्याने तुमचं फिरणं ठरवून ठेवलं होतं. मला पाठ आहे, कारण सुट्टीच्या दिवशी तो मला घेऊन सगळं चालून बघायचा. नको असेल तर राहू दे." काकांना नको होतं. काकू म्हणाल्या, "चला."

मग आठवडाभर तिघं फिरली. वस्तुसंग्रहालयात ज्या दिवशी तिकीट लागत नाही त्या दिवशी गेली. नदी ओलांडायला सहलीची नाव नव्हे, तर कामगारांची बोट, बसच्या भाड्यात, पण जाते त्याच पुलाखालून. एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर, जिथून सगळं शहर फुकट दिसतं. रस्त्यात मध्येच सोबती थांबे. "इथे बसायचं बाबा. इथे बाक आहे. तुमच्या गुडघ्यासाठी त्याने बाक असलेला रस्ता शोधला होता, दुसरा जवळचा होता तरी." काका बसत. सोबती शेजारी अवघडून बसे. काकू उभ्याच राहत. बघण्यासारखं जे जे होतं ते त्यांनी एकही न गाळता पाहिलं, असं काका म्हणाले. गच्चीवर थंडी फार होती, धुकंही होतं, काही दिसत नव्हतं, तरी त्या हलेनात. सोबती म्हणाला, "आई, उतरायचं का? आज काही दिसणार नाही." काकू म्हणाल्या, "तो इथे किती वेळ थांबला होता?" सोबत्याने सांगितलं, बराच वेळ. मग त्याही तेवढ्या थांबल्या.

एकदा त्यांना समुद्रही दाखवला. तो या बेतात सर्वांत शेवटी होता. सोबती म्हणाला, "त्याचं म्हणणं होतं, तुम्हाला समुद्राची आवड आहे. गेल्या सुट्टीचं तुम्ही त्याला फोनवर सांगितलं होतं ना, खिडकीतून काय दिसायचं वगैरे? ते तो मला सांगायचा. हॉटेलात समुद्राकडच्या खोल्या आवरताना सांगायचा." काका तेव्हा पाण्याकडे चालत गेले आणि बूट भिजेपर्यंत थांबले नाहीत. काकूंनी या वेळी त्यांना ओढून बाहेर आणलं.

दोघं परत आली तेव्हा आम्ही भेटायला गेलो. नंतरही जात राहिलो. काकूंनी आठवडाभरात मशीनवरची चादर काढली आणि काम सुरू केलं. गिऱ्हाइकं आता हळू आवाजात बोलत, दिलेली तारीख उलटली तरी काही म्हणत नसत, आणि त्याचाच काकूंना राग येई. "पडदा आखूड झालाय तर आखूड झालाय म्हणा," त्या एका बाईवर ओरडल्या. "मेलंय ते माझं पोर. तुमची खिडकी नाही."

बँकेतल्या मुलीने घर बदललं. जाण्याआधी ती निरोप घ्यायला आली, तेव्हा आम्ही दोघं-तिघं तिथे होतो. फरशीवर एक लांब पडदा अंथरलेला होता. एक टोक काकूंकडे, दुसरं काकांकडे, घडी घालायची चालली होती. मुलगी बोलू लागली आणि रडू लागली. 'मी समुद्रावर गेलेत म्हटलं नसतं तर,' असं काहीतरी म्हणाली. काकूंनी तिला जवळ घेतलं नाही. म्हणाल्या, "तू मी सांगितलेलं सांगितलंस. जा, सुखाने राहा."

मुलगी गेल्यावर दोघं पुन्हा घडी घालू लागली. ते नर्सबाईंना सहन झालं नाही. आयुष्यभर माणसांना धीर देण्याची त्यांना सवय. त्यांनी काकूंच्या पाठीवर हात ठेवला. "असं मनाला लावून घेऊ नकोस गं. तुम्हाला तरी काय माहीत, बाहेर तो आहे म्हणून? कळलं असतं तर तू उठली नसतीस का? आई आहेस तू. कळलं असतं तर कुलूप तोडून गेली असतीस."

काका पडद्याचं टोक धरून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. काकूंनी आपल्या बाजूची घडी नीट बसवली, नर्सबाईंचा हात पाठीवरून काढला, आणि नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाल्या, "कळलं होतं. यांना नुसतं ओळखीचं वाटलं, मला पहिल्याच टकटकीला कळलं होतं तो आहे म्हणून. म्हटलं, भास होतोय, तो कुठला इथे यायला, आणि भासापायी उठून सुट्टी कशाला मोडायची? एवढंच झालं. आता मला कळलं नसेल असं सांगायला पुन्हा कोणी वर येऊ नका."